हेल्मेटाऐवजी केस

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन कॉलेजांत फुटबॉल खेळणारी मुलं उन्हाळ्यापासून केस कापत नसत. हेल्मेट नव्हतं. डोक्यावर जे उगवेल तेवढंच डोक्याचं.

*

क्रॅनबेरी आंबट असते, कारिटासारखी कडू नसते. तरी चालवून घेतात.

*

१९५५ साली जगन्नाथचे वडील नागपुरात वारले. जगन्नाथ पुण्यात बी.एस्सी.ची परीक्षा देत होता. घरच्यांनी तार केली ती शेवटचा पेपर झाल्यावर.

*

उजेड टोचतो.

*

१९९२ साली सुमित्राबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. मुलगा अमेरिकेत, नवी नोकरी, नवा व्हिसा. त्याला टाके निघाल्यावर कळवलं.

*

जुन्या नियमांत मैदान सोडून गेलेल्या खेळाडूला परत येता येत नसे.

*

२००७ साली अमेरिकेत, श्रूजबरीतल्या एका सलूनमध्ये केस कापणारी बाई एका मुलाच्या डाव्या कानावरच्या व्रणापाशी मशीन थांबवते. व्रण घोड्याच्या नालेसारखा आहे. ती विचारते, दुखतं का. मुलगा म्हणतो, नाही.

*

"पार पडू दे, मग सांगू." हे वाक्य या घरात पहिल्यांदा कोण म्हणालं, ते कुणालाच आठवत नाही.

*

२००६ची नरकचतुर्दशी शनिवारी आली, म्हणून राजेश आणि शुभाच्या श्रूजबरीतल्या घरात ती खरोखर त्याच दिवशी साजरी झाली. एरवी सगळे सण सरकून वीकेंडला जायचे. राजेशचे आईवडील महिनाभरापूर्वी नागपूरहून आले होते, ते दिवाळीसाठी आणि दुपारच्या सामन्यासाठी. राजेशचा मुलगा राजस गुरुवारीच कॉलेजातून घरी आला होता. बाहेर अंधार होता. वरच्या बाथरूममध्ये, मुलं लहान असताना आणलेल्या प्लास्टिकच्या स्टुलावर राजस उघडा बसला होता आणि त्याच्या आजी, सुमित्राबाई, मागे टबच्या कडेवर बसून त्याच्या डोक्याला तेल लावत होत्या.

केस खांद्यापर्यंत आलेले. जूनपासून कात्री नाही. वेदरली कॉलेजात दर ऑक्टोबरला जुन्या नियमांचा सामना होतो, शतकापूर्वीसारखा: लोकरी स्वेटर, चामडी बूट, डोक्यावर काही नाही. हिस्टरीचे प्राध्यापक तो भरवतात. कॉलेजची खरी टीम त्यात नसते, हौशी मुलं असतात. मुलं केस वाढवतात कारण तेव्हाची वाढवायची. हे सगळं राजसने आजीला फोनवर दोनदा आणि इथे आल्यावर एकदा सांगितलं होतं. त्यांना त्यातलं एवढंच पटलं होतं, की इतक्या केसांना तेल भरपूर लागणार.

डाव्या कानाच्या वर, जरा मागे, त्यांचं बोट आत गेलं. पिकलेल्या चिकूला लागावं तसं.

राजसने स्टुलाची कड घट्ट धरली.

"लागलं का रे?"

"नाही आजी."

"मग धरलंस कशाला?"

"गुदगुल्या झाल्या."

त्यांनी पुढचं तेल हलक्या हाताने लावलं आणि ती जागा सोडून दिली. बोटं मात्र आपोआप तिच्याकडेच वळत होती. सणाची पहाट. खाली शुभा दिवे लावते आहे. राजेशला बीपीची गोळी चालू झालेली. आत्ता बोललं तर घरात काय होईल ते त्यांना दिसलं. सामना होऊ दे, त्यांनी ठरवलं. संध्याकाळी आंबेहळदीचा लेप लावू आणि मग राजेशच्या कानावर घालू.

*

कारीट इथे मिळत नाही. मॅसॅच्युसेट्सला आल्यावर पहिल्याच दिवाळीत शुभाने क्रॅनबेरी ठेवली होती, गंमत म्हणून. मग तीच रीत झाली. आंघोळीआधी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पेपरच्या तुकड्यावर एक लाल क्रॅनबेरी, आणि ती डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायची. नरकासुर मेला.

राजसने पाय उचलला आणि टेकवला. क्रॅनबेरी शेजारी तशीच राहिली. पुन्हा उचलला, पुन्हा शेजारी.

"वाचला बघ नरकासुर," आजोबा, जगन्नाथराव, म्हणाले. टॉवेल खांद्यावर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत ते दारात उभे होते.

तिसऱ्या वेळी राजसने एक डोळा मिटला, वाकून नेम धरला आणि फोडली. सगळे हसले. चैत्राली, त्याची धाकटी बहीण, जरा उशिरा हसली.

*

जगन्नाथरावांना जे माहीत होतं ते असं: कॉलेजात ते कबड्डी खेळत. चढाईला गेलेला गडी डोक्यावर आपटून उठला की कधीकधी मधली रेष समोर असताना उलट्या दिशेला पळतो. प्रेक्षकांना फार मजा येते.

*

फराळाला सगळे एका टेबलाशी बसले. राजसने बशीत शंकरपाळ्यांची दोन तिरप्या ओळींत मांडणी केली, टोकाशी जुळणारी.

"ही वेज. लाकडात ठोकतात ना, ती... आजोबा, व्हॉट्स द वर्ड?"

"पाचर."

"पाचर. सगळे मागून पळत येतात आणि समोरच्यांवर आदळतात. तेव्हाची सगळ्यात डेंजरस मूव्ह. नंतर बॅन केली."

"आणि तू कुठे यात?" शुभाने विचारलं.

त्याने डब्यातून बेसनाचा लाडू घेतला आणि शंकरपाळ्यांच्या मध्ये ठेवला. "आत. माझ्याकडे बॉल. सेफेस्ट प्लेस, आई."

शुभा लाडवाकडे पाहत राहिली. मग तिने तो उचलून परत डब्यात ठेवला.

ती म्हणाली की कॉलेजच्या हॉलमध्ये तिने स्वतः एक फोटो पाहिलाय. लांब केसांची मुलं, खाली नावं, आणि एका नावापुढे क्रॉस. त्याच वर्षी गेलेला, मैदानावर. राजेश म्हणाला की तो फोटो सव्वाशे वर्षं जुना असेल. आता प्राध्यापकांनी मुलांना अर्ध्या वेगाने पळायचं बजावलंय, ट्रेनर आहे, ॲम्ब्युलन्स उभी असते. हा शो आहे, शुभा, शो. शुभा म्हणाली, वीस वर्षांची मुलं अर्ध्या वेगाने जेवतसुद्धा नाहीत.

यावर राजेशने वडिलांकडे पाहिलं. अण्णा आपल्या बाजूचे, हे त्याने धरलेलंच होतं. महिनाभर तेच तर मराठी मंडळात भेटेल त्याला नातवाचा सामना सांगत होते.

"नाही खेळला तर?" जगन्नाथराव म्हणाले.

राजेशचा चमचा थांबला. "अण्णा, तुम्ही म्हणताय हे?"

"मी आपलं विचारलं."

"सगळ्यांना बोलावून ठेवलंय तुम्हीच."

"हो, ते आहे." त्यांनी चहा बशीत ओतला. का विचारलं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं असतं, पण समोर सून होती. म्हातारा सणाच्या सकाळी नाही ते बोलतो, असं तिला वाटेल. "खेळू दे. मी काही नाही म्हणत नाही."

शुभाने सासूकडे पाहिलं. अशा वेळी त्या दोघी एका बाजूला असायच्या, वर्षानुवर्षं. सुमित्राबाई चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत होत्या. त्या म्हणाल्या, आधी पोराला खाऊ द्या पोटभर.

त्याने मात्र काही खाल्लं नव्हतं. लाडू उचलला तेवढाच.

"आई," राजस म्हणाला, हळू, फक्त तिलाच ऐकू जावं असा. "दे पिक्ड मी. इतक्या मुलांमधून. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणी मला कशासाठी तरी पिक केलंय. प्लीज."

तिने मान हलवली. हो म्हणून. मग उठली, मीठमोहऱ्या मुठीत घेतल्या आणि त्याची दृष्ट काढली. इतरांना वाटलं, शुभा हरली.

*

शुभाला जे माहीत होतं: राजसने धुवायला आणलेल्या कपड्यांत, मोज्यात, डोकेदुखीच्या गोळ्यांची मोठी बाटली होती. रिकामी. तिने ती कचऱ्यात खाली दडपली, वर भाजीची सालं टाकली. राजेशने पाहिली असती तर त्याने आवाज चढवला असता, मग पोराने सुटीत घरी येणंच बंद केलं असतं. मिडटर्म आहेत, तिने स्वतःला सांगितलं. अभ्यासाने डोकं दुखतं.

*

राजेशला जे माहीत होतं: गुरुवारी तो राजसला आणायला गेला. एरवी गाडीची किल्ली हिसकावून घेणारा मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हीच ड्राइव्ह करा. ढगाळ संध्याकाळ, तरी गॉगल. समोरून गाडीचे दिवे आले की तोंड फिरवायचा. आजीआजोबा कुठल्या खोलीत झोपतात, असं त्याने विचारलं. राजेशने सांगितलं. वीसेक मिनिटांनी त्याने पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत.

राजेशने पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर शुभाने विचारलं, कसा आहे. तो म्हणाला, दमलाय. शुभाला सांगितलं असतं तर तिने सामना तिथेच कॅन्सल केला असता. आणि राजेशला त्या मैदानाच्या कडेला उभं राहायचं होतं. ऑफिसमधले दोघेजण येणार होते. चौदा वर्षं त्यांच्या मुलांचे गेम्स तो ऐकत आला होता.

*

चैत्रालीला सगळ्यात जास्त माहीत होतं.

*

मैदानाभोवती दोर बांधलेला. दोराबाहेर लोक, हातात सफरचंदाच्या गरम सायडरचे कप, कुणी बोलर हॅट घातलेली, कुणी खोट्या मिशा लावलेल्या. बँड वाजत होता. ऊन स्वच्छ होतं आणि हवेत गारठा. सुमित्राबाईंसाठी घडीची खुर्ची आणली होती. साडीवर राजेशचं जुनं जॅकेट, पायात मोजे आणि स्पोर्ट्स शूज. बसल्यावर त्यांना फक्त पाठी दिसत होत्या.

मुलं मैदानात आली तेव्हा शुभाला राजस ओळखूच आला नाही. तपकिरी लोकरी स्वेटर घातलेली, मानेपर्यंत केस असलेली वीस-बावीस मुलं. सगळी त्या फोटोतली वाटत होती. तिने एकेकाच्या पायांखालची जागा पाहिली, नावं शोधत असल्यासारखी.

शिट्टी झाली. पाचर सुटली. अर्ध्या वेगाने नाही.

आवाज आधी पायांना जाणवला. मग एक बोथट धप्प, अनेक अंगांचं मिळून एक. ढीग झाला. ढिगातून एकेक जण उठत होता. शुभा मोजायला लागली आणि मध्येच तिने डोळे मिटले. राजेश हँडीकॅमच्या छोट्या चौकोनातून पाहत होता. चौकोनात नुसते स्वेटर. जगन्नाथराव टाचा उंचावून उभे होते, हाताची घडी घातलेली, आणि ती घडी ते सोडत नव्हते.

असं कितीतरी वेळा झालं. मग एकदा ढीग गोलरेषेच्या पलीकडे पडला आणि सगळं मैदान ओरडलं. कुणीतरी फळ्यावर चारचा आकडा टांगला. तेव्हाच्या नियमांत टचडाऊनचे चार गुण. चैत्राली आईच्या दंडाला लटकून उड्या मारत होती आणि रडत होती. शुभाला वाटलं, आनंदाने.

*

हाफ टाइमला राजस दोराशी आला. गुडघे चिखलाने भरलेले, ओठावर रक्त, चेहरा हसरा. ऑफिसमधल्या दोघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. राजेशने कॅमेरा बंद केला नव्हता.

"कसं वाटतंय, चॅम्प?"

राजस सगळ्यांकडे पाहत होता, एकामागून एक, सावकाश. आजीवर थांबला.

"आजी," तो म्हणाला, "आंघोळ कधी करायची?"

राजेश हसला. मग ऑफिसमधले दोघे हसले, भाषा न कळता. आजोबा हसले नाहीत.

"झाली ना रे सकाळी," सुमित्राबाई म्हणाल्या.

"ओके. मला वाटलं राहिली."

शिट्टी झाली. तो वळला आणि पळत गेला. पळताना किंचित डावीकडे झुकत होता, ते आता पाचही जणांनी पाहिलं. पाचही जणांनी ते आपल्यापुरतं ठेवलं. मैदानाच्या मध्ये तपकिरी स्वेटर दोन तिरप्या ओळींत उभे राहायला लागले.

सुमित्राबाई खुर्चीतून उठल्या. जॅकेटची चेन वर ओढली, दोर हाताने उचलला आणि खालून वाकून गेल्या.

"आई," राजेश म्हणाला. "आई, काय करतेस?"

त्या मैदानात चालत होत्या. गवत ओलं होतं म्हणून जपून. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे. कुणी टाळ्या वाजवल्या. बोलर हॅट घातलेला पंच हात पसरून पुढे आला आणि म्हणाला, मॅम, प्लीज. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ओळींच्या आतून त्यांनी राजसचा स्वेटर पाठीमागून धरला.

"चल."

"आजी, प्लीज. गो बॅक." त्याचे कान लाल झाले होते. बाकीची मुलं पाहत होती. "आत्ता बाहेर गेलो तर परत येता येत नाही. रूल आहे."

"मग येऊ नकोस."

"आजी, आय एम फाइन."

त्यांनी स्वेटर सोडला नाही. दुसरा हात त्याच्या केसांत घातला, डाव्या कानाच्या वर, आणि ती जागा अलगद झाकली. सकाळपेक्षा मोठी झाली होती. तळवा पुरत नव्हता.

तो त्यांच्या हातावर रेलला. लहानपणी ताप आल्यावर रेलायचा तसा. आणि त्यांच्या बाजूने चालायला लागला.

*

दोराशी आल्यावर पहिली चैत्राली फुटली.

"आय प्रॉमिस्ड हिम," ती म्हणाली. "मी प्रॉमिस केलं होतं." तीन आठवड्यांपूर्वीच्या प्रॅक्टिसला तो आपटला होता, जमिनीवर, आणि थोडा वेळ उठलाच नव्हता. त्याच्या रूममेटने तिला फोन केला होता. मागच्या वीकेंडला ती त्याला भेटायला गेली तेव्हा तो गॅस स्टेशनच्या मागे उलटी करत होता. मग मंगळवारी तो पुन्हा आपटला, त्याच बाजूला. ट्रेनरला सांगितलं तर बाहेर काढतील, म्हणून कुणाला सांगायचं नाही. मॅच झाली की मीच सांगेन, असं तो म्हणाला होता. "आणि मी... आई, मी गूगल केलं होतं. मला माहीत होतं ते काय असतं."

शुभाने विचारलं, माझ्याशी का नाही बोललीस. मग तिला बाटली आठवली. तिने ती सांगितली. राजेशने गॉगल सांगितला, गाडी सांगितली, दोनदा विचारलेला प्रश्न सांगितला. सांगताना तो कुणाकडे पाहत नव्हता. जगन्नाथराव क्रॅनबेरीचं बोलले, अगदी खालच्या आवाजात. एकेक वस्तू जागेवर ठेवावी तसं सगळं पुढे आलं आणि तिथे, बँडच्या आवाजात, त्यांना पहिल्यांदा पूर्ण दिसलं.

"मला पहाटेच लागलं होतं हाताला," सुमित्राबाई म्हणाल्या. "म्हटलं, पार पडू दे."

कुणीही कुणाला दोष दिला नाही. देऊ शकेल असा एकही जण उरला नव्हता.

ट्रेनर धावत आला. राजसला खाली बसवलं, डोळ्यांत छोटा दिवा मारला. एका डोळ्याची बाहुली लहान झाली. दुसऱ्या डोळ्याची झाली नाही. ट्रेनरने पुन्हा मारला. मग तो उभा राहिला आणि ॲम्ब्युलन्सकडे हात केला.

"आता कुणी काही लपवायचं नाही," शुभा म्हणाली. राजेशला, सासूला, सासऱ्याला, पोरीला. "ऐकताय ना? या घरात आता कुणी कुणापासून काहीही लपवायचं नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या.

*

ॲम्ब्युलन्समध्ये मागे शुभा बसली, पुढे राजेश. चैत्राली आजीआजोबांना घेऊन गाडीने मागे येणार होती. आजोबांनी किल्ली धरलेल्या तिच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि म्हणाले, सावकाश चल, आम्हाला घाई नाही. त्यांच्या आयुष्यात त्यांना इतकी घाई कधी झाली नव्हती.

पॅरामेडिक राजसला बोलतं ठेवायला सांगत होती. शुभा बोलत राहिली. रात्री पुरणपोळी करू. मंडळात फराळ न्यायचाय. सायरन चालू होता आणि आत तो लांबचा वाटत होता. राजसच्या केसांतलं तेल उशीच्या कागदावर उतरलं होतं, उटण्याचा वास येत होता.

"आई, स्कोअर काय झाला?"

"चार-शून्य. तुमचे चार."

"नाइस." त्याने डोळे मिटले.

"डोळे उघड, राजस. माझ्याकडे बघ."

त्याने उघडले. "हू स्कोअर्ड?"

शुभाने पुढच्या काचेतून राजेशकडे पाहिलं. त्याने मान वळवली होती, त्याला ऐकू गेलं होतं. कॅमेरा अजून त्याच्या मांडीवर होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, लग्नाला बावीस वर्षं झालेली माणसं पाहतात तसं.

"कुणीतरी उंच मुलगा होता रे," ती म्हणाली. "नाव नाही कळलं मला."

"असेल," राजस म्हणाला. "मला आत्ता काहीच..." आणि वाक्य तसंच राहिलं.

ती त्याचा हात चोळत बसली. ॲम्ब्युलन्स वेग वाढवत होती.

*

पहिल्या हाफमधला तो टचडाऊन राजसने केला होता.